धुऱ्यावरची सालं

नकाशा पाहून झाल्यावर काकाजींनी चष्मा काढला, दुपट्ट्याच्या टोकाने पुसला, परत नाकावर चढवला आणि एकच प्रश्न विचारला.

“सालं कोठी जातीन जी?”

वरुड आणि मोर्शीच्या मधल्या एका गावात, मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात आम्ही बसलो होतो. जानेवारीची सकाळ होती. सतरंजीवर मी माझा मोठा कागद अंथरला होता आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार संत्रे ठेवले होते. शेतकऱ्यांनी मिळून काढलेली कंपनी, काकाजी तिचे एक संचालक. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेल्यापासून इथल्या मालाचे हाल सुरू झाले होते. मोठं फळ कसंबसं खपायचं, पण चुरी, म्हणजे बारीक फळ, कोणी विचारत नव्हतं. तर या चुरीचा रस काढायचा. तासाला एक टन, दिवसाला आठ टन. माझ्या कागदावर संत्रा डावीकडून आत शिरत होता आणि धुऊन, निवडून, पिळून, तापून, थंड होऊन उजवीकडून बाटलीतून बाहेर पडत होता. प्रत्येक मशीन निळ्या रेषेत, प्रत्येक पाइपाला नंबर. सालं मात्र कुठेच नव्हती.

“ते मशीनवाला पाहील, काकाजी,” मी म्हणाले.

“बरं,” काकाजी म्हणाले. आमच्या भागात ‘बरं’चे पुष्कळ अर्थ होतात. हा कोणता, ते मला वर्षभराने कळलं.

नागपुरी संत्र्यातून वजनाच्या ४० ते ४५ टक्के रस निघतो. आठ टनांतून साडेतीन टन. उरलेले साडेचार टन म्हणजे साल, चोथा आणि बिया. ज्याला मी रसाचा कारखाना म्हणत होते, तो वजनाने पाहिला तर सालीचा कारखाना होता. त्यात धुण्याचं पाणी धरलं तर रस आणखीच कोपऱ्यात जातो. ही वजाबाकी चौथीतल्या पोराला येते. मला रेनॉल्ड्स नंबर येत होता, लॉगॅरिथम येत होतं. वजाबाकी करायचं सुचलं नाही.

आमच्या धंद्यात ‘बॅटरी लिमिट’ नावाचा शब्द आहे. टॉर्चमधल्या बॅटरीशी त्याचा संबंध नाही. कागदावर तुटक रेषेचा एक चौकोन काढतात. आतलं माझं, बाहेरचं तुझं. मशीनवाल्याचा चौकोन ज्यूसरच्या तोंडाशी संपतो. शेडवाल्याचा जोत्याशी. बॉयलरवाला, कोल्ड रूमवाला, विजेचा ठेकेदार, सांडपाण्याचा प्लांट लावणारा, सगळ्यांचे आपापले चौकोन. आणि चौकोनाबाहेर जे काही दिसेल त्यावर लिहिलेलं असतं, ‘बाय अदर्स’. पाया, बाय अदर्स. ड्रेन, बाय अदर्स. साल उचलण्याची व्यवस्था, बाय अदर्स. या अदर्स नावाच्या गृहस्थाला मी वीस वर्षं शोधते आहे. भेटला तर त्याला द्यायची कामं बरीच साचली आहेत.

शेतीत वाढलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. तो त्याला धुरा म्हणतो. पश्चिम महाराष्ट्रात बांध म्हणतात तो. दोन वावरांमधल्या त्या पट्टीवर कोणाचाच नांगर जात नाही. गेला तर ‘धुरा कोरला’ म्हणून प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत पोचतं. तिथे गवत माजतं, बोरी-बाभळी उगवतात, साप राहतो, आणि पावसाळ्यात वरच्या वावरातलं पाणी खालच्या वावरात फुटतं ते नेमकं तिथूनच. माझ्या आजोबांची निम्मी हयात धुऱ्याच्या मोजणीत गेली. मी इंजिनिअर झाले तेव्हा त्यातून सुटले असं वाटलं होतं.

‘एकात्मिक अभियांत्रिकी’ असं भारदस्त नाव देऊन ज्याच्यावर परिसंवाद होतात, ते काम माझ्या मते धुऱ्यावर उभं राहायचं आहे. त्या कारखान्यात ते माझं होतं. सहा जणांचे सहा नकाशे माझ्याकडे आले, मी प्रत्येक तपासला, प्रत्येक बरोबर होता. सहाही एकमेकांवर ठेवून उजेडाला धरले नाहीत.

कारखाना पुढच्या आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्यात निघणाऱ्या फळाला, नोव्हेंबरात सुरू झाला. पहिले चार दिवस उत्सवाचे. शेडमधून निघणारा तो वास, संत्र्याच्या सालीचा ताजा, नाकात झिणझिण्या आणणारा, रस्त्यापर्यंत यायचा आणि मोटारसायकली थांबायच्या. ज्यूसरखाली प्लॅस्टिकचे क्रेट लावले होते. क्रेट भरला की दोन बायका तो उचलून ट्रॉलीत उलटा करत आणि ट्रॉली बाहेर ढकलत. आता बाहेर न्यायला त्या बाजूला दार एकच होतं, जिथून फळ आत येत होतं तेच. धुऊन स्वच्छ झालेलं फळ आत आणि रस ठिबकणारी साल बाहेर, एकाच उंबऱ्यावर एकमेकांना ‘तू आधी’ करत होते. एकाची घाण दुसऱ्याला लागणार नाही अशी मांडणी हवी, हे अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात आहे. ते परिशिष्ट मी दुसऱ्यांना शिकवत असे.

साल शेडमागे पडत गेली. पाचव्या दिवशी सकाळी ढिगातून वाफ निघताना दिसली. हात घातला तर आत कोमट लागलं, दही लावलेल्या भांड्याच्या तळासारखं. सातव्या दिवशी आंबूस वास, चिलटांचे ढग, आणि ढिगाच्या पायथ्यातून निघालेली पिवळट पाण्याची एक धार, जी शांतपणे शेजारच्या वावरात चालली होती. ज्याचं वावर तो आला. धुऱ्यावर उभा राहिला आणि जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकाजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढं त्यांचं मोठेपण.

मग उपाय सुरू झाले. गुरांना घालून पाहिली. गायी दोन दिवस आवडीने खातात, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवतात. कोणी म्हणालं बायोगॅस करा. तोही केला, गावातल्याच एका संयंत्रात शेणाबरोबर साल ढकलून. पंधरा दिवसांत संयंत्र गप्प झालं. साल नखाने दाबली की डोळ्यात जे तेल उडतं त्यात मुख्यतः लिमोनीन असतं, आणि गॅस करणाऱ्या जंतूंना ते सोसत नाही. आधी तेल काढून घ्या, मग बाकीचं त्यांच्यापुढे ठेवा. आम्ही थेट पंगतीला बसवलं होतं.

या लिमोनीनचा एक नामसखा आहे, लिमोनिन. फरक फक्त वेलांटीचा, पण स्वभाव अगदी वेगळा. पहिल्याचा वास येतो, दुसरा कडू. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी चाखलेला रस गोड होता आणि सकाळी तोच रस तोंड वाकडं करत होता. दोन दिवस आम्ही टाक्या धुणाऱ्या पोरावर संशय घेतला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. संत्र्याच्या फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव पदार्थ असतो. फळ पिळलं की तो आंबट रसात उतरतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. तापवलं तर आणखी लवकर. जितकं जोरात पिळाल, बिया जितक्या चिरडाल, तितका कडवटपणा जास्त. मशीनवाल्याने तर रसाचा उतारा वाढवून दाखवायचं कबूल केलं होतं, म्हणून त्याच्या माणसाने ज्यूसरचा स्क्रू आवळून ठेवलेला.

स्क्रू सैल केला. कडवटपणा उतरला, उताराही उतरला, आणि जो रस आता बाटलीत येत नव्हता तो चोथ्यात बसून मागच्या ढिगावर गेला. साल आणखी ओली, धार आणखी जाड. जिभेवरचा प्रश्न उठून शेजाऱ्याच्या वावरात गेला. असं काही घडलं की मला अजून आमच्या कॉलेजातल्या विषयांची यादी आठवते. फूड केमिस्ट्री मंगळवारी, मशीन डिझाइन गुरुवारी, पर्यावरण शेवटच्या सेमिस्टरला आणि तेही ऐच्छिक.

पण खरी फजिती फरशीने केली.

ही जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिच्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो आणि पावसाळ्यात तीच फुगते. मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन सुजतं, म्हणून. शेडवाला अनुभवी होता, खांबांचे पाये त्याने खाली मुरूम लागेपर्यंत नेले होते. खांब जागचे हलले नाहीत. पण खांबांच्या मधली जमीन कोणाच्या चौकोनात होती? त्याच्या मते ती नुसती फरशी. दीड फूट भराव, वर काँक्रीट, वर कोटा. मे महिन्यात, जमीन कोरडी ठणठणीत असताना, त्याने माझ्या नकाशाप्रमाणे शंभराला एक असा उतार बाहेरच्या भिंतीलगतच्या ड्रेनकडे दिला. लेव्हल ट्यूब लावून मी स्वतः तपासला. बरोबर होता.

मग पाऊस झाला. छपराखालची मधली माती कोरडीच राहिली, कडेची भिजली. कड फुगली, आणि कडेलाच ड्रेन.

नोव्हेंबरातल्या एका रात्री धुणं संपल्यावर मी फरशीवर पाणी साचलेलं पाहिलं. बाई कमी जोर लावते खराट्याला, असं आधी वाटलं. काकाजी आले होते. त्यांनी बादलीभर पाणी मागवलं, ज्यूसरपाशी ओतलं आणि त्या पाण्यावर सालीचा एक तुकडा सोडला, पोरं ओहोळात होडी सोडतात तसा. तुकडा ड्रेनच्या दिशेने निघाला. छान चालला होता. ड्रेन दोन मीटरवर राहिला तसा मंदावला. थांबला. स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि हळूच मागे फिरला.

“वापस येऊन राह्यला जी,” काकाजी म्हणाले.

दोन मीटरात शंभराला एक म्हणजे दोन सेंटिमीटर. कड त्याहून थोडी जास्त उचलली गेली होती. बोटभर उंचीचा प्रश्न, पण त्या बोटभर खळग्यात रोज रात्री गोड पाणी साचणार, आंबणार, चिलटं येणार, आणि मग कितीही क्लोरीन ओता. मातीचा अहवाल माझ्या फाइलमध्ये होता, फ्री स्वेल इंडेक्ससकट, म्हणजे माती पाण्यात किती फुगते त्या आकड्यासकट. तो मी खांबांच्या पायासाठी वाचला होता. ड्रेनसाठी वाचावा असं कोण सांगणार, तो तर सिव्हिलचा कागद.

आणि कोटा. ठेकेदार छातीवर हात ठेवून म्हणाला होता, “मॅडम, कोटा म्हंजे शंभर वर्सं.” खोटं नाही, कोट्याच्या फरशीवरून पिढ्या चालून गेल्या तरी ती झिजत नाही. पण तिथे कोणी रोज आंबट रस सांडत नाही. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड. उरलेला एक तुकडा घासून त्यावर मी लिंबू पिळलं आणि ठेकेदाराला वाकून पाहायला सांगितलं. बारीक बुडबुडे, जवळ कान नेला तर अगदी हलकी सरसर. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग म्हणाला, “हे घरी बायकोले दाखवतो.” मार्चपर्यंत ज्यूसरसमोरची फरशी गायीच्या जिभेसारखी खरखरीत झाली होती, आणि खरखरीत फरशी धुतली जात नाही, फक्त ओली होते.

दुरुस्ती पुढच्या उन्हाळ्यात केली. भराव उकरून मुरूम भरला, शेडभोवती पाणी मुरू नये म्हणून बाहेरून काँक्रीटचा पट्टा दिला, वर आम्ल सोसणाऱ्या टाइल लावल्या, आणि ड्रेन कडेवरून उचलून मधोमध आणला. ड्रेन मध्ये आला तर ज्यूसर सरकला, ज्यूसर सरकला तर पाइप बदलले, केबलचा चर बुजवून दुसरा काढावा लागला, आणि सालीसाठी भिंत फोडून तिसरं दार काढलं. सगळं मिळून किती खर्च आला ते सभासदांना वार्षिक सभेत सांगावं लागलं. ते मीच सांगितलं, आणि माझ्या फीचा शेवटचा हप्ता मागितला नाही.

सगळंच चुकलं असंही नाही. पाश्चरायझर चांगला बसला. रस २५ अंशांवरून ९२ पर्यंत तापवायचा, काही सेकंद तिथे ठेवायचा आणि लगेच ५ वर आणायचा. म्हणजे एकाच रसासाठी बॉयलरला लाकूडफाटा आणि कंप्रेसरला वीज. त्याऐवजी आत येणारा थंड रस आणि बाहेर जाणारा गरम रस पातळ स्टीलच्या पत्र्यांच्या दोन बाजूंनी उलट दिशांना पाठवतात. गरम रस आपली ऊब थंडाला देतो, थंड आपला गारवा गरमाला. तापवण्याच्या उष्णतेतला चार-पंचमांश भाग असा घरातल्या घरात फिरतो. १९७० च्या दशकात तेल महागल्यावर बोडो लिनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा देवघेवीची मोठ्या कारखान्यांसाठी पद्धतशीर रीत बसवली, तिला पिंच अॅनॅलिसिस म्हणतात. हे मी फळ निवडणाऱ्या बायकांना दुपारच्या सुटीत सांगत होते. एकीने डबा झाकला आणि म्हणाली, “हा तं वैल झाला न मॅडम.”

चुलीवर भाकर आणि बाजूच्या वैलावर, चुलीतून सुटलेल्या आचेवर, वरण. वैल झालाच.

पण याच वैलाशेजारी कोल्ड रूमवाल्याने आपला कंडेन्सर, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारं यंत्र, पश्चिमेच्या भिंतीला लावला होता आणि बॉयलरवाल्याने आपली चिमणी त्याच्या बाजूला. दोघांचे नकाशे बिनचूक. मृग बहाराच्या, म्हणजे हिवाळा सरल्यावर निघणाऱ्या फळाच्या, शेवटाला, एप्रिलातल्या दुपारी तीन वाजता, कंप्रेसर धापा टाकायला लागला तेव्हा ते कळलं. कंडेन्सर उत्तरेला नेला, एवढंच.

आता मी काम घेते तेव्हा पहिला कागद मालाचा काढत नाही. पहिल्या कागदावर फक्त बाहेर पडणाऱ्या, नको असलेल्या गोष्टी असतात: साल, पाणी, वाफ, गरम हवा, आवाज, चिलटं. त्या कुठून निघणार, कोण उचलणार, शेजारी कोण राहतो, वारा कुठला. दुसऱ्या कागदावर माती. मशीन तिसऱ्यावर. मग सहाही जणांना एका दिवशी एका खोलीत बसवते आणि दार लावून घेते. पहिला तास सगळे मोबाईलमध्ये असतात. दुसऱ्या तासाला कोल्ड रूमवाला बॉयलरवाल्याला म्हणतो, “अरे, तू इथे येतोस?” तिथून पुढे माझं काम सोपं.

याचे पैसे मागणं मात्र अवघड जातं. कोटेशनमध्ये धुऱ्याची ओळ नसते. २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यात एका उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठरलं आणि आमच्या भागात त्यातून बरीच चांगली कामं उभी राहिली. पण मी पाहिलेल्या बहुतेक प्रकल्प अहवालांत मशिनींची यादी असते, शेडचे चौरस फूट असतात, नफ्याचा तक्ता असतो. सालीचं पान मला एकातही दिसलेलं नाही. इथे संत्र्याच्या कारखान्यांना नारळ बरेच फुटले आणि कुलपंही बरीच लागली. त्यांतल्या काही शेडांत आज हरभरा भरून ठेवतात. कारणं वेगवेगळी असतील, भाव, भांडवल, राजकारण. मला फरशी दिसते. धंद्यामुळे लागलेली खोड.

काकाजींच्या कारखान्यात आता मृगाची साल मागच्या ओट्यावर पातळ पसरून सुकवतात. फेब्रुवारी-मार्चचं ऊन कडक असतं, चार-पाच दिवसांत ती कुरकुरीत होते आणि पशुखाद्यवाला घेऊन जातो. फ्लोरिडात सालीत थोडा चुना कालवून मग दाबतात, पाणी लवकर सुटतं. आम्हीही तो घालून पाहिला आणि बरा निघाला. आंबियाची साल अजून नीट सुकत नाही. डिसेंबरचं ऊन मवाळ, रात्री दव. तिची काहीतरी सोय करायची आहे. शेजारी अजून बोलत नाही, पण शिव्याही देत नाही.

काल रात्री एक फोन आला, यवतमाळकडून. आवाज तरुण, उत्साही. लिंबाचं आणि आवळ्याचं काही करायचं म्हणतो.

“मॅडम, शेड झाली. फरशीबी झाली. आता फक्त मशिनी कोणच्या घ्याच्या ते सांगा.”

“फरशी कसली टाकली?”

“कोटा! एक नंबर कोटा.”

मी उद्या सकाळच्या एसटीने निघते आहे. पर्समध्ये टेप आहे, स्पिरिट लेव्हल आहे आणि एक लिंबू आहे. बादली तिथे मिळेल. नव्याकोऱ्या शेडच्या उंबऱ्यावर बाहेरगावची बाई लिंबू पिळते आहे हे पाहून गावकऱ्यांना जे समजायचं ते समजो.